रत्नाक्काच्या गाडीचं दार

“मग बोट का लावत नाही तुम्ही?”

हे विचारताना अवधूतच्या हातात ओला पॉलिश पेपर होता. तो त्याने बादलीत टाकला. जरा जोरातच टाकला. पाणी मेस्त्रींच्या चपलेपर्यंत उडालं.

राजेखान मेस्त्री उलट्या डब्यावर बसून चहा फुंकत होते. त्यांनी पाय थोडा मागे घेतला.

जयसिंगपूरहून शिरोळकडे जाताना त्यांची शेड लागते. गाडीच्या दाराला आतल्या बाजूने जे आवरण असतं, ज्याला सगळे पॅड म्हणतात, ते मेस्त्री फायबरचं घडवून देतात. आधी सांगाडा करायचा. त्यावर कापड ताणायचं. कापडाला रेझिन पाजायचं, ते कडक झालं की मागून काचेच्या तंतूंची मॅट चिकटवायची. मग घासायचं. पुट्टी भरून पुन्हा घासायचं. अंगाला इतकी खाज सुटते की नवीन पोरं आठवड्यात पळून जातात.

जी टिकतात त्यांच्यासाठी शेडची एक रीत आहे.

पोरगा तयार झाला असं वाटलं की मेस्त्री त्याने केलेल्या दाराला एक बोट लावतात. एका बोटाने दार मिटलं की पोरगा सुटला. त्याने आपलं दुकान टाकावं. मेस्त्री त्या वेळी काही बोलत नाहीत, नारळही फोडत नाहीत. दार मिटल्याचा आवाज होतो आणि सगळ्यांना कळतं.

अवधूतला तो आवाज हवा होता.

त्याने जयसिंगपुरात गाळा बघून ठेवला होता. पाटीसुद्धा रंगवून आणली होती. लाल अक्षरांत त्याचं नाव, आणि खाली पिवळ्या रंगात ‘कार डेकोर’. ती वर्तमानपत्रात गुंडाळून त्याने शेडच्या कोपऱ्यात, मॅटच्या गुंडाळ्यांमागे लपवली होती. मेस्त्रींना सांगितलं नव्हतं. आधी बोट, मग पाटी, असं त्याच्या मनात होतं.

“मेस्त्री, मी काहीतरी विचारलं.”

“ऐकलं की.”

“मग सांगा ना. यात चूक काय आहे?”

त्याने शेडच्या मधोमध उभ्या असलेल्या पांढऱ्या व्हॅनकडे हात केला. चालकाच्या बाजूचं दार सताड उघडं होतं. आतलं नवं पॅड काळं, गुळगुळीत, आणि मधे स्पीकरसाठी मोठा गोल फुगवटा. त्या गोलात शेडचा पत्रा, बल्ब आणि रागावलेला अवधूत, तिघंही दिसत होते.

“चूक आहे असं मी कुठं म्हणालो?”

“मग बोट लावा.”

मेस्त्रींनी चहाचा घोट घेतला...

अवधूत पुढे झाला. त्याने स्वतःच दाराला बाहेरून करंगळी लावली. दार सावकाश फिरलं आणि ‘टक्’ करून मिटलं. कुठे घासलं नाही की अडलं नाही.

“बघा. करंगळीनं लागतंय.”

“बाहेरून,” मेस्त्री म्हणाले.

“म्हणजे?”

“बाहेरून लागतंय.”

“तुम्ही कायम बाहेरूनच लावता बोट! दस्तगीर सुटला तेव्हा बाहेरूनच लावलं होतं. आणि त्याच्या त्या जीपच्या दाराला फट होती. माझं नख जात होतं त्यात.”

“हो. होती फट.”

“मग त्याला का सोडलंत?”

“त्याला माहीत होती.”

अवधूत हसला. चांगलं हसू नव्हतं ते. “म्हणजे चूक करून सांगितलं की सुटका, आणि चूकच केली नाही तर बसा इथंच. हा कुठला न्याय?”

मेस्त्रींनी कप खाली ठेवला.

“जुनं पॅड कुणी काढलं?”

“मीच.”

“तेव्हा दाराला काय काय होतं?”

“काय म्हणजे? पॅड होतं. फुटलेलं. ट्रॉलीनं ठोकलं होतं ना गाडीला, त्यात मधून चिरलेलं.”

“आणखी?”

“क्लिपा. निम्म्या तुटलेल्या. मी सगळ्या नव्या घातल्या.”

“आणखी?”

“काच खालीवर करायचं हँडल. आणि खाली कप्पा. मातीनं भरलेला. त्यात एक कात्री होती, सुतळी होती, पाणी मारायची बाटली होती. सगळं पिशवीत घालून ठेवलंय. चोरलं नाही काही.”

“आणखी?”

“आणखी काही नव्हतं!”

“बरं.”

“बरं काय? परीक्षा घेताय का माझी?”

मेस्त्री उठले. गुडघ्यावर हात टेकून उठले, कारण त्यांचे गुडघे आता दुखतात. ते भिंतीजवळच्या फळीकडे गेले. तिथे ब्रश, रोलर, हार्डनरच्या बाटल्या अशी सगळी रोजची हत्यारं असतात. त्यातून त्यांनी काहीतरी उचललं आणि गाडीच्या बॉनेटवर आणून ठेवलं.

चिंधी होती. हातभर लांब, चार बोटं रुंद. कधीतरी हिरवी असावी. कुणीतरी ती वापरून सांडलेलं रेझिन पुसलं होतं, आणि पुसल्यावर ती तशीच सुकली होती. आता ती काठीसारखी ताठ झाली होती.

“हे काय आहे?”

“चिंधी,” अवधूत म्हणाला. “रेझिन पुसायची.”

“कुठली?”

“मला काय माहीत? शेडमध्ये चिंध्यांना काय कमी आहे? मेस्त्री, मी दाराचं विचारतोय आणि तुम्ही मला चिंध्या दाखवताय!”

मेस्त्री परत डब्यावर जाऊन बसले.

तेवढ्यात शेडच्या दारात रिक्षा थांबली.

रत्नाक्का मगदूम उतरल्या. व्हॅन त्यांचीच. नांदणीकडे त्यांची रोपवाटिका आहे. वांगी, मिरची, टोमॅटोची रोपं त्या व्हॅनमधून स्वतः गावोगाव पोचवतात. रिक्षातही रोपांचे ट्रे होते. ते त्यांनी रिक्षावाल्याकडून उतरवून घेतले आणि सावलीला ठेवले. डावा हात सगळं करत होता. उजवा हात अंगापासून थोडा दूर, सरळ खाली राहिला होता. ट्रॉलीनं ठोकलं तेव्हापासून त्यांचं ते कोपर वाकत नाही.

“झाली का गाडी? रोपं घेऊनच आलेय. परस्पर शिरढोणला जाते.”

“झाली, अक्का.” अवधूतचा चेहरा एकदम उजळला. त्याने खांद्यावरचा टॉवेल काढून पॅडवरून फिरवला. पॅडवर काही नव्हतं, तरी फिरवला. “बघा तरी. पुण्यातसुद्धा असं काम मिळायचं नाही. तुमच्या पोरानं, निनादनं जे फोटो पाठवले होते, त्याहून भारी झालंय.”

“व्हय, निनाद म्हणाला होता. काहीतरी करतोय म्हणून.”

रत्नाक्का गाडीत बसल्या. स्टिअरिंगवर हात ठेवला, आरसा बघितला.

मग त्यांचा डावा हात पोटावरून उजवीकडे गेला. उघड्या दाराच्या दिशेने गेला आणि हवेत थांबला.

बोटं मिटली. पुन्हा उघडली. पुन्हा मिटली...

तिथे काही नव्हतं.

त्यांनी वळून दाराकडे बघितलं. पुढे झुकून डाव्या हाताने दार गाठायला गेल्या. दार सताड उघडं होतं आणि हात पोचत नव्हता. मग ताठ उजव्या हाताने पॅडची कड धरली. धरता आली. पण ओढायला कोपर वाकायला लागतं. त्यांनी खांद्याने जोर लावला. दार थोडं हललं, आणि गुळगुळीत फुगवट्यावरून बोटं घसरली.

“माझी दोरी कुठाय?”

“कसली दोरी, अक्का?”

“दोरी रं. दाराची दोरी. काच फिरवायच्या हँडलला बांधलेली. हिरवी. माझ्या लुगड्याचा काठ होता तो.”

अवधूतने बॉनेटकडे बघितलं नाही. पण त्याची मान तिकडे वळायला निघाली होती आणि त्याने ती थांबवली, हे मेस्त्रींना दिसलं.

“ती... ती काढली. पॅड काढताना काढायलाच लागते. चिंधीच होती, अक्का.”

“चिंधी?”

“नव्या गाडीत कशी दिसली असती ती?”

रत्नाक्का गाडीतून उतरल्या. हळू उतरल्या. अवधूतच्या समोर उभ्या राहिल्या. त्या त्याच्या खांद्यापर्यंतही येत नव्हत्या, पण तो एक पाऊल मागे सरकला.

“गाडी कोण चालवतं?”

“तुम्ही.”

“दार कोण लावतं?”

“तुम्हीच, पण...”

“मला विचारलंस?”

“निनादनं सगळं सांगितलं होतं. फोटो होते, मापं होती. स्पीकर कुठं, लाईट कुठली. फोनवर तासभर बोललो आम्ही.”

“निनाद पुण्यात असतो. दिवाळीला येतो आन् मागच्या सीटवर झोपतो. त्याला तासभर विचारलंस. मी इथं गाडी सोडायला आले, गाडीतले ट्रे न्यायला आले, परवा तुम्हाला वांगी द्यायला आले. मला पाच मिनिटं विचारलं का कुणी?”

“अक्का, रागावू नका. मी लावतो ना दार बाहेरून. तुम्ही बसा.”

“आन् शिरढोणात कोण लावणार? टाकळीत कोण लावणार? दर बांधावर एक माणूस उभा करू व्हय? बाहेरनं दार लावून घ्यायला मी काय सासरला निघालेली नवरी हाय?”

रिक्षावाला अजून गेला नव्हता. तो हसला. अवधूतचे कान लाल झाले.

“आणि कप्पा कुठाय माझा?” रत्नाक्कांनी फुगवट्यावर बोट आपटलं. “कात्री कुठं ठेवू? ह्या भोपळ्यात?”

“तो स्पीकर आहे!”

“मला बाभळीतल्या भोरड्यांची किलबिल ऐकू येते तेवढी पुरे.”

आता अवधूतचाही तोल गेला. इतके दिवस घासण्यात आणि इतक्या रात्री खाजवण्यात घालवलेला, आज सकाळपासून बोटाची वाट बघणारा अवधूत एकदम बोलला.

“अक्का, हात तुमचा वाकत नाही. त्यात माझ्या दाराची काय चूक?”



रिक्षावाल्याने हसणं थांबवलं आणि रिक्षा चालू करून तो निघून गेला.

रत्नाक्कांनी उजवा हात पदराखाली घेतला. आत्तापर्यंत तो उघडा होता, तो त्यांनी झाकला. मग त्या सावलीत, रोपांच्या ट्रेजवळ जाऊन, पाठ करून बसल्या.

अवधूत मेस्त्रींकडे वळला. त्याला वाटलं होतं, मेस्त्री आता तरी बोलतील. ओरडतील, नाहीतर समजूत काढतील.

मेस्त्रींचे डोळे लाल झाले होते. त्यांनी बॉनेटवरची ताठ चिंधी उचलली. अवधूतच्या छातीला टेकवली. तो मागे सरकेपर्यंत टेकवून धरली.

“वाकव,” ते म्हणाले.

“काय?”

“वाकव ही.”

अवधूतने चिंधी हातात घेतली. दोन्ही टोकं धरून वाकवली. ती वाकली नाही. जोर लावला तेव्हा मधे कट् आवाज झाला आणि एक पांढरी चीर पडली.

“मोडेल,” तो म्हणाला.

“हं.”

“माझ्याकडूनच... मीच पुसलं होतं यानं.”

मेस्त्रींनी त्या चिरेवरून अंगठा फिरवला.

“तुम्ही बघितलं होतंत? मी ती कापली तेव्हा?”

“बघितलं.”

“मग तेव्हाच का नाही सांगितलं?” त्याचा आवाज पुन्हा चढला. “सगळं होऊ दिलंत! घासून, रंगवून होऊ दिलंत! एक शब्द बोलला असतात तर...”

“सांगितलं असतं तर मी सांगितलं म्हणून दोरी बांधली असतीस.”

“मग? बांधलीच असती!”

“हं,” मेस्त्री म्हणाले आणि उठून शेडच्या मागे, नळावर तोंड धुवायला गेले.

अवधूत एकटा राहिला. त्याला रडू येत होतं आणि रडायचं नव्हतं. त्याने चिंधी फेकायला हात उचलला, पण फेकली नाही. ती त्याने खिशात घालायला बघितली. ती खिशात मावेना. शेवटी परत बॉनेटवर ठेवली.

मग तो गाडीत बसला.

उजवा हात सरळ केला. कोपर न वाकवता दार ओढून बघितलं. फुगवट्यावरून हात घसरला. पुन्हा ओढलं, पुन्हा घसरला. हा फुगवटा घासायला त्याने सर्वांत बारीक पेपर वापरला होता. त्याच्यावर माशीसुद्धा टिकणार नाही, असं तो काल दस्तगीरला फोनवर सांगत होता.

त्याने डावा हात पोटावरून पुढे नेला. हात हवेत थांबला. जिथे रत्नाक्कांचा थांबला होता, बरोबर तिथेच.



मग तो उतरला आणि सावलीकडे गेला.

“अक्का.”

रत्नाक्कांनी मागे बघितलं नाही. त्या मिरचीच्या रोपांवर पाणी शिंपडत होत्या.

“अक्का, चुकलो मी. तसं बोलायला नको होतं.”

“बोललास तर बोललास. खरंच हाय की. वाकत नाही.”

“दोरी कुठून ओढत होतात तुम्ही? म्हणजे वरून की खालून?”

त्यांनी पाणी शिंपडायचं थांबवलं.

“पहिल्यांदा कुणीतरी विचारलं.”

“दाखवता?”

“रोपं उन्हाला आली तर सावलीत कोण ओढणार?”

“मी ओढतो.”

त्या गाडीत येऊन बसल्या. अवधूतने सुतळीचा तुकडा हँडलला अडकवला आणि दुसरं टोक त्यांच्या डाव्या हातात दिलं. त्यांनी ओढलं. सुतळी फुगवट्यावर चढली आणि बाजूला घसरली. दार तिरकं ओढलं गेलं, मिटलं नाही.

“हा भोपळा मधे येतोय,” रत्नाक्का म्हणाल्या.

“हो.”

“मग?”

अवधूतने पॅडकडे बघितलं. त्यात अजूनही शेड दिसत होती, बल्ब दिसत होता.

“मग काढायला लागेल,” तो म्हणाला.

त्याने स्क्रू काढले, क्लिपा सोडवल्या आणि पॅड टेबलावर आणून ठेवलं. पेन्सिलने खूण केली. खूण करताना हात नीट चालला. जिगसॉ उचलली, तिचं बटण दाबलं, आणि पातं पॅडला लावायच्या आधी पुन्हा बंद केलं.

मेस्त्री तोंड पुसत आत आले होते. त्यांनी खुंटीवरचा तोंडाला बांधायचा रुमाल काढून अवधूतपुढे ठेवला.

अवधूतने रुमाल बांधला आणि कापलं.

फायबर कापतानाचा आवाज वाईट असतो. दात दुखतात. पांढरी धूळ उडाली आणि त्याच्या भुवयांवर बसली. फुगवटा सुटून टेबलावरून खाली पडला, गोल गोल फिरला आणि डब्याला टेकून थांबला. आत पोकळ होता. आतून खरखरीत होता, मॅटचे धागे तसेच दिसत होते.

रत्नाक्का बघत होत्या. “एवढी मेहनत केली होतीस रं,” त्या म्हणाल्या.

पुढचं काम पटापट झालं. पॅडला मोठं भोक पडलं होतं, तिथे त्याने मागून मॅट लावली. हार्डनर जरा जास्त घातला, लवकर सुकावं म्हणून. इतर वेळी मेस्त्री यावरून रागावले असते. भोकाच्या जागी खोलगट कप्पा झाला. कात्री मावेल, बाटली मावेल, असा. तो घासायला वेळ नव्हता. त्याने फक्त हाताला लागतील तेवढ्या कडा घासल्या.

दोरीसाठी त्याने भंगारातल्या सीटबेल्टचा पट्टा घेतला. पट्टा दाराच्या पत्र्यालाच बोल्टने आवळला, पॅडला पाडलेल्या खाचेतून बाहेर काढला आणि पॅड परत बसवलं.

“ओढा, अक्का.”

“लांब झाली.”

त्याने आखूड केली.

“आता हाताला येईना. चिखलाच्या हातातनं निसटती बघ. माझ्या दोरीला मधे गाठ होती.”

“गाठ वाईट दिसेल.”

रत्नाक्कांनी त्याच्याकडे नुसतं बघितलं.

“मारतो,” तो म्हणाला.

त्याने गाठ मारली. पट्टा जाड असल्यामुळे गाठ मुठीएवढी झाली. काळ्या चकचकीत पॅडवर ती लोंबत राहिली. खालच्या कप्प्याला अजून रंग नव्हता. दुरून बघितलं तर कुणी म्हणालं असतं, चांगल्या दाराची कुणीतरी वाट लावली.

अवधूतने पिशवीतली कात्री, सुतळी, बाटली कप्प्यात ठेवली आणि ट्रे गाडीत चढवून दिले. मग बाजूला उभा राहिला. सवयीने त्याची नजर मेस्त्रींच्या उजव्या हाताकडे गेली. मेस्त्रींचे दोन्ही हात पाठीमागे होते.

रत्नाक्का बसल्या. किल्ली लावली. डावा हात पोटावरून गेला, गाठीवर पडला आणि परत आला.

टक्.

दार मिटलं.

त्या तोपर्यंत रस्त्याकडे बघायला लागल्या होत्या. खिडकीतून त्यांनी डोकं बाहेर काढलं.

“मेस्त्री, येते. रोपं मान टाकाय लागलीत.”

“या, अक्का.”

गाडी वळली. रस्त्याला लागली. उसाच्या ट्रॅक्टरमागे थोडी थांबली, मग पुढे गेली आणि दिसेनाशी झाली.

अवधूत रस्त्याकडे बघत उभा होता. घामाने त्याच्या तोंडावरच्या धुळीचे ओघळ झाले होते. त्याने रुमाल काढून जमिनीवर आपटला.

“बघितलंसुद्धा नाही!”

मेस्त्री खाली पडलेला फुगवटा उचलत होते.

“मेस्त्री, बघितलंसुद्धा नाही त्यांनी! दार लावलं आणि गेल्या. दाराकडे एकदा तरी बघायचं! छान झालं म्हणू नका, निदान बघा तरी! हाताला कप्पा लागला का, गाठ बरोबर आहे का... काही नाही! जसं काही ते दार कायम तसंच होतं!”

“हं.”

“आणि तुम्ही! तुम्ही आजही बोट लावलं नाही.”

“नाही लावलं.”

“आता तर दारही गेलं शिरढोणला. आता कशाला लावणार?”

मेस्त्रींनी फुगवटा उलटा करून टेबलावर ठेवला. त्याचं पातेल्यासारखं खोलगट भांडं झालं. त्यात त्यांनी सुटे स्क्रू आणि उरलेल्या क्लिपा टाकल्या. मग बॉनेटवरून खाली पडलेली ती ताठ हिरवी चिंधी शोधली, धूळ फुंकली आणि परत फळीवर, रोलरच्या शेजारी ठेवली...

“जाताना पाटी घेऊन जा,” ते म्हणाले. “मॅटच्या मागं नुसती धूळ खातेय.”